दुखरा पाय कोणता

आमचे अप्पा कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरी सरदार. हा बदल रोज संध्याकाळी फाटकाशी व्हायचा. कचेरीतून सायकल हातात धरून, खांदे पाडून येणारा माणूस फाटकाची कडी काढली की ताठ व्हायचा, सायकल माझ्याकडे सोपवायचा आणि थेट परसातल्या तबेल्याकडे जायचा. आमचे पूर्वज आदिलशाही फौजेबरोबर घोड्यावर बसून बेंगळूरला आले, ही गोष्ट आम्हा बहिणींना बाराखडीच्याही आधी शिकवली गेली होती. कोण आले, कुठल्या गावाहून आले, आल्यावर इतकी वर्षं काय केलं, असं विचारलं की अप्पा खाकरायचे. मधला काळ बहुधा कारकुनीतच गेला असावा. पण दारात घोडा हवाच असा त्यांचा हट्ट होता, आणि गवीपुरममधल्या त्या कौलारू घरात, जिथे माणसांना अंघोळीचं गरम पाणी पाळीपाळीनं मिळायचं, तिथे घोड्याला स्वतंत्र खोली होती.

घोड्याचं नाव रणधीर. त्यानं रण कधी पाहिलं नव्हतं. शर्यतीचं मैदान पाहिलं होतं, तेही इतर घोड्यांच्या मागून. सतत शेवटचा येणारा हा काळा घोडा मालकाला नकोसा झाला आणि कुणाच्या तरी ओळखीनं अप्पांना मिळाला. तिकडे त्याचं नाव काहीतरी इंग्रजी, राजपुत्राचं वगैरे होतं. आमच्याकडे त्याचं नव्यानं बारसं झालं, आईनं त्याला ओवाळलं, आणि अप्पांनी त्याच्या सेवेला मस्तान नावाचा मोतद्दार ठेवला. मस्तान स्वतःला घोड्यांचा हकीम समजायचा. पोटदुखी असो, खोकला असो, शेपटीचे केस गळोत, त्याचं निदान एकच असायचं. नजर.

सकाळी घर जागं व्हायचं ते हुरळीच्या वासानं. हुरळी म्हणजे कुळीथ. आम्ही बेंगळूरचे जुने मराठे त्याला हुरळीच म्हणतो, आणि पुण्याकडून आलेल्या सुनांना ते समजावून सांगावं लागतं. मागच्या चुलीवर मोठ्या हंड्यात घोड्याची हुरळी शिजायची. दाणे घोड्याला आणि वरचं दाट पाणी आम्हाला. त्या पाण्यात आई चिंच घालायची, लसूण, सुकी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी द्यायची, की त्याचं सार व्हायचं. ते सार आणि रागीचा गरम मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, समोर आला तर मी आजही पंचपक्वान्नांच्या ताटावरून उठेन. शाळेतल्या मैत्रिणींना मात्र मी कधी सांगितलं नाही की आमच्याकडे घोड्याचं उरलेलं माणसं खातात. अप्पांना त्यात काही कमीपणा वाटत नसे. "आधी घोडा, मग स्वार, हीच आपली रीत," असं ते जेवताना म्हणायचे. आई नुसती त्यांच्याकडे बघायची आणि वाटीत आणखी सार ओतायची.

या घोड्याला काम म्हणाल तर दोनच. समाजातल्या लग्नात नवरदेवाला मांडवापर्यंत नेणं आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत पुढे चालणं. अप्पा त्याचं काही घेत नसत. जटका म्हणजे आमच्याकडचा टांगा, आणि "भाडं घेतो तो जटकावाला," असं अप्पा फेकून द्यायचे. ते फक्त मान घ्यायचे. पहिल्या पंगतीत पहिलं पान, हाराचा पहिला मान, आणि वराच्या बापाला तासभर ऐकवायला आदिलशाही. लोकांना भाडं परवडलं असतं.

घराण्याच्या घोड्याची मान खाली दिसता कामा नये, हा आमच्याकडचा आणखी एक दंडक. त्यासाठी लगामाला एक जादा पट्टा असायचा. तो खोगिराच्या कडीला इतका आवळून बांधायचा की घोड्याचं डोकं वर ओढलेलं राही आणि हलवू म्हटलं तरी हलत नसे. त्या बिचाऱ्याला रस्ता दिसत नसे, नुसतं आभाळ दिसायचं. लोक म्हणायचे, काय रुबाब आहे. मला प्रत्येक मिरवणुकीत वाटायचं, आज हा नवऱ्यासकट गटारात जाणार.

आणि मग नालाचं प्रकरण. काळ्या घोड्याचा, वापरून झिजलेला नाल दाराला ठोकला की शनीची पीडा टळते आणि अडलेली कामं, विशेषतः मुलींची लग्नं, मार्गी लागतात, अशी सगळ्यांची श्रद्धा होती. नाल जितका झिजलेला तितका गुणकारी. आमच्या नालांना इतकी मागणी असायची की लोक आधीपासून सांगून ठेवायचे. त्यामुळे नालबंदानं सांगितलेल्या वेळी रणधीरचे नाल कधी बदललेच नाहीत. ते पिकू द्यायचे. खूर वाढून नालाबाहेर यायचा, नाल आत रुतायचा, नालबंद कपाळाला हात लावायचा, आणि अप्पा म्हणायचे, "स्वल्प थांबू या की. अजून पातळ होऊ दे." अर्ध्या गवीपुरमच्या चौकटींवर रणधीरचे नाल होते. आमच्या चौकटीवर तर अख्खी जोडी होती, कारण आमच्या घरात अक्का होती.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. लहानपणी आलेल्या कसल्याशा तापात तिचा डावा पाय बारीक राहिला आणि किंचित आखूडही. तिचं एक पाऊल हलकं पडायचं आणि दुसरं जड. त्या आवाजावरून ती स्वयंपाकघरात आहे की विहिरीपाशी, हे मला डोळे मिटून कळायचं. घरात 'लंगडणं' हा शब्द कुणी उच्चारत नसे. "आमची अक्का स्वल्प सावकाश चालते," एवढंच म्हणायचं. पुढे रणधीर लंगडला तेव्हाही तो शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. अक्काची जीभ मात्र अजिबात सावकाश नव्हती. ती कॉलेजात गणित शिकत होती आणि अप्पांच्या आदिलशाहीतली वर्षं जुळत नाहीत, हे त्यांना बेरीज करून दाखवायची.

आईनं या पायाभोवती एक सबंध कारभार उभा केला होता. लग्नकार्याला अक्कानं सगळ्यांच्या आधी जायचं, भिंतीशी जागा धरायची आणि सगळे गेल्यावर उठायचं. साडी चार बोटं खाली नेसायची. रस्त्यावर माणसं असली की हळू आणि लांब पावलं टाकायची. बसवनगुडीच्या एका चांभारानं एकदा तिला जाड तळव्याची चप्पल करून देतो म्हटलं होतं. आईनं त्याला परत पाठवलं. चप्पल दिसली की पाय दिसणार, हा तिचा हिशेब. अक्काचा पाय आणि घोड्याची मान, आमच्या घरात दोन्ही बांधूनच ठेवलेलं असायचं.

तिला बघायला पाहुणे येत, तेव्हा ती त्यांच्या आधीच जमखान्यावर बसवलेली असे, देवळातल्या मूर्तीसारखी. कॉफी मी द्यायची, उप्पिट मी द्यायचं, पान मी द्यायचं. मला इतकं चालावं लागायचं की एका वराच्या आत्यानं मलाच पसंत केलं होतं. पण शेवटी त्यांच्यातली एखादी म्हातारी तोंड पुसत म्हणायचीच, "मुलीला जरा चालवून दाखवा की." हा तेव्हाचा रिवाज होता. गाय घेताना दात बघतात, सून घेताना चाल. मग अप्पा खाकरायचे, आई अजून थोडा केसरीभात वाढायची, आणि पाहुण्यांना आपली गाडी चुकेल असं आठवायचं. नंतर कळायचं, पत्रिका जुळत नाही.

अशात रणधीरचा पाय गेला. आधी तो उभ्या उभ्या पुढचा उजवा पाय जरासा पुढे टाकून ठेवायला लागला. मग पावलं आखूड झाली. मस्तान म्हणाला, "नजर लगी सो है, साब." अप्पा म्हणाले, खांदा. समाजातली जी चार शहाणी माणसं बघायला आली, ती सगळी म्हणाली, खांदा. घोड्याचा खांदा मोठा असतो, चकचकीत असतो, त्यावर हात फिरवून गंभीर चेहरा करता येतो. खूर उचलायचा तर वाकावं लागतं आणि शेण लागतं. मग खांद्याला अंडं आणि हळद लावली. खांद्याला शेक दिला. शेवटी आनेकलहून डाग देणाऱ्याला बोलावलं. त्यानं तापल्या सळईनं त्या निरोगी खांद्यावर अशा सुबक रेघा ओढल्या की जणू तिथे रांगोळीच काढायची होती. मी कानांवर हात ठेवून आत बसले होते तरी रणधीरचं ओरडणं मला ऐकू आलं, आणि अप्पांचा मला तेव्हा जो राग आला तो पूर्ण कधी गेला नाही. डागानंतर अप्पांनी पट्टा अजून एक भोक आवळला आणि त्याला मिरवणुकीत काढलं. डोकं बांधलेलं, पावलं तुटक. बघणारे म्हणाले, वा, घोडा नाचायला लागला. अप्पाही म्हणाले, हो, शिकवलाय.

आता माझ्या स्वतःच्या गुडघ्यात धातू बसवला आहे. तपासायला गेलं की नर्स हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरते आणि म्हणते, आजी, तुमचं दुखणं यातलं कुठलं ते दाखवा. माझा नातू कोरमंगलाला खोली घेऊन राहतो, जिथे मस्तान घोड्यासाठी गवत कापायला जायचा. दिवसभर खुर्चीत बसून त्याची पाठ धरते आणि तो फोनवरून कुठल्याशा बाईला पाठ कशी दुखते ते अर्धा तास सांगतो. मी त्याला हसते. पण खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटतो. दुखतं हे सांगायला जागा असणं, ही काही लहान गोष्ट नाही.

तर, त्याच सुमारास बेळगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा डॉक्टर, म्हणून आई देवापुढे साखर ठेवून आली. मग कळलं की घोड्यांचा डॉक्टर. आई साखर परत आणायला निघाली होती, पण अप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे बेत रचला. पाहुण्यांना पुढच्या खोलीत बसवायचंच नाही. मागच्या पडवीत बसवायचं, समोर परस आणि घोडा. डॉक्टर घोडा बघण्यात इतका गुंगेल की मुलीला चालवायचं कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि जाता जाता रणधीरच्या खांद्याला औषधही मिळेल. एका दगडात दोन पक्षी.

अक्का तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अप्पा, ज्याचा धंदाच लंगडणं ओळखायचा, त्याच्यापासून तुम्ही लंगडणं लपवणार?"

घरात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. आईनं दाराकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "तो घोड्यांचा डॉक्टर आहे."

"मग सरी, ठीक आहे," अक्का म्हणाली आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं.

पण तिला हे स्थळ हवं होतं. तिनं मला कधी तसं सांगितलं नाही, तरी मला ते दिसत होतं. आदल्या दिवशी तिनं स्वतः चिरोट्या लाटल्या, पदर सुटे सुटे होईपर्यंत तळल्या, आणि माझ्याकडून तीनतीनदा विचारून घेतलं की डॉक्टर किती शिकलाय. तोवर आलेले सगळे सावकारांचे आणि दुकानदारांचे मुलगे होते. ज्याच्याशी बोलता येईल असा हा पहिलाच होता. शिवाय आईनं तिला सांगून ठेवलं होतं की आता यापुढे मी कुणाच्या पाया पडणार नाही, हे शेवटचं.

डॉक्टर आला तो आईला घेऊन. तो उंच, सावळा, चष्मेवाला होता आणि त्याला बोलण्यापेक्षा बघण्याची सवय जास्त होती. त्याच्या आईला बोलण्याची. त्या बाई पडवीत खुर्चीवर बसल्या आणि पंख्यानं वारा घेत बेळगावच्या लोण्यापासून सुरुवात केली. अक्का जमखान्यावर पाय दुमडून बसलेली. अप्पांनी मोजून एकच घोट कॉफी होऊ दिली आणि डॉक्टरला परसात नेलं. रणधीर तिथे खोगीर, झूल आणि पट्ट्यासकट उभा केला होता.

डॉक्टरनं त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "हा पट्टा काढा."

"तो आमच्या घराण्याचा..." अप्पांनी सुरुवात केली.

"घराणं राहू द्या काका, पट्टा काढा. खोगीरही काढा."

मस्ताननं पट्टा सोडला. रणधीरनं मान खाली टाकली आणि असा लांब श्वास सोडला की पडवीतल्या बाईंचं लोणी थांबलं. मग डॉक्टरनं मस्तानला घोडा पळवायला लावला, विहिरीपर्यंतच्या फरशीवरून, दोरी सैल सोडून. तेव्हा जे दिसलं ते मला आजही दिसतं. फरशीवर उजवा पाय टेकला की घोडा झटकन डोकं वर उचलायचा, डावा टेकला की खाली आणायचा. इतकं उघड होतं की माझ्यासारख्या शाळकरी पोरीलाही कळलं.

"दुखऱ्या पायावर भार नको म्हणून घोडा डोकं उचलतो," डॉक्टर म्हणाला. "कुठला पाय दुखतो हे तो डोक्यानं सांगतो. तुम्ही डोकंच बांधून ठेवलंत."

"खांदा आहे," अप्पा म्हणाले.

"सगळे खांदाच म्हणतात," डॉक्टर म्हणाला, आणि आपल्या इस्त्रीच्या विजारीची पर्वा न करता वाकून त्यानं खूर मांडीवर घेतला. पिशवीतून एक लांब दांड्यांचा चिमटा काढला आणि खुराच्या कडेकडेनं दाबत गेला. एकीकडे कानडीत घोड्याशी हळू बोलत होता, "आयतु मगा, आयतु," म्हणजे झालं रे बाळा, झालं. टाचेपाशी चिमटा आला आणि रणधीरनं पाय हिसडला. मग मस्तानच्या मदतीनं त्यानं नाल काढला, टाच जरा तासली, आणि आम्हाला बोलावून दाखवलं. आत रुतलेल्या नालाखाली लालभडक, ठेचलेलं कुरूप होतं.

"नाल किती वेळ ठेवता?"

अप्पांनी अभिमानानं सगळं सांगितलं. शनी, पातळ झालेला नाल, लोकांची श्रद्धा, मुलींची लग्नं. डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. "म्हणजे अख्ख्या गावाची साडेसाती तुम्ही याच्या टाचेखाली दिलीत," तो म्हणाला. मस्तान पुटपुटला की नजर पण आहेच. अप्पा त्या डागलेल्या खांद्याकडे बघत राहिले.

डॉक्टर मात्र अजून उठला नव्हता. तो आता डावा पाय चाचपत होता, जो कुणालाच दुखरा वाटला नव्हता. गुडघ्याखालच्या शिरेवर त्यानं बराच वेळ हात ठेवला. "मला काळजी याची आहे," तो म्हणाला. "उजवी टाच महिन्याभरात बरी होईल. पण इतके दिवस सगळा भार यानं ओढलाय. इथे गरम लागतंय बघा. लंगडणारा पाय ओरडून सांगतो. चांगला पाय मुकाट राबतो आणि शेवटी त्याच्यामुळेच घोडा कायमचा खाली बसतो."

अप्पांचा अर्धा बेत पार पडला होता आणि उरलेलाही पार पडल्यासारखा दिसत होता. त्यांनी हात चोळत कॉफी मागवली, मी चिरोट्यांवर साखर आणि दूध घातलं, बाईंनी दोन खाल्ल्या, तिसरी घेतली. आणि मग ओठ पुसत हसून म्हणाल्या, "घोडा चालवून झाला. आता मुलीलाही जरा चालवून दाखवा की."

अप्पा खाकरले. आईनं चौथी चिरोटी उचलली. "आमची अक्का स्वल्प..." असं ती म्हणेपर्यंत अक्का उठली होती.

ती पडवीच्या पायऱ्या उतरली आणि त्याच फरशीवरून विहिरीपर्यंत गेली, वळली आणि परत आली. लांब पावलं टाकली नाहीत, सावकाश चालली नाही, साडी पायांवर ओढली नाही. एक हलकं, एक जड, एक हलकं, एक जड. खांदा प्रत्येक पावलाला खाली जात होता. मी माझ्या सख्ख्या बहिणीला तोवर असं मोकळं चालताना पाहिलं नव्हतं. घरात एकटी असतानासुद्धा ती पाय चोरूनच टाकायची, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. बाईंच्या हातातली चिरोटी तशीच राहिली. डॉक्टर बघत होता, आणि तो तिच्या पायांकडे बघत होता, जसा आत्ताच घोड्याच्या पायांकडे बघत होता तसा, कपाळाला आठी घालून.

मग तो अप्पांकडे वळला. "हिला केव्हापासून आहे हे?"

अप्पांनी तोंड उघडलं. अक्का त्यांच्याआधी बोलली. आवाज चढला नव्हता.

"डॉक्टर, घोड्याला बोलता येत नाही म्हणून तुम्ही चिमटा लावलात. मला बोलता येतं. मला विचारा."

मस्तान खुदकन हसला आणि घोड्याच्या आड गेला. डॉक्टरचे कान लाल झाले. क्षणभर वाटलं, हा आता पिशवी उचलून निघणार. पण त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला, दोन पावलं तिच्याकडे आला, आणि या वेळी तिच्या तोंडाकडे बघून विचारलं, "दुखतं का?"

"दुखतं," अक्का म्हणाली.

"डावा पाय?"

"डावा नाही. उजवा. गुडघ्यात. जिना चढताना, आणि सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना."

"किती दिवस?"

"शाळेत होते तेव्हापासून."

 उजवा म्हणजे आमच्या घरातला चांगला पाय. आई प्रत्येक स्थळाला त्याचं कौतुक सांगायची, दुसरा पाय अगदी ठणठणीत आहे हो. डॉक्टरनं मान हलवली. तो म्हणाला की डाव्या चपलेचा तळवा जाड करून घ्या, म्हणजे भार सारखा वाटला जाईल, हे काम कुठलाही बरा चांभार करून देईल. अक्कानं आईकडे बघितलं नाही, आणि ते बरंच झालं. बाई तोवर उठल्या होत्या. त्यांची गाडी चुकणार होती.

पुढचं सांगून टाकते. आठवड्याभरात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. डॉक्टर घोड्याच्या लाथेला भ्याला नाही, आईला भ्याला, आणि मी त्याला तेव्हाही माफ केलं नाही आणि आताही नाही. एवढी नजर असलेल्या माणसाला स्वतःचा कणा कुठे दुखतो हे कळू नये. रणधीर मात्र बरा झाला, आणि दुखणं टाचेत आहे हे आपणच ओळखलं असं अप्पा मरेपर्यंत लोकांना सांगत राहिले. अक्का शाळेत गणित शिकवायला लागली. तिचं लग्न पुढे झालं, उशिरा, तिच्याच पसंतीनं, आणि अक्षता टाकायला त्या सगळ्या म्हाताऱ्या आल्या ज्यांनी तिला चालून दाखवायला सांगितलं होतं.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. पाहुणे गेले होते, अप्पा तबेल्यात होते, आणि आम्ही तिघी पडवीत खरकटं आवरत होतो. बाईंची अर्धी चिरोटी ताटलीत दुधात भिजून फुगली होती. आईचा राग मी तयारीनं ऐकायला बसले होते. शेवटचं स्थळ, आपल्या हातानं घालवलंस, असं काहीतरी. आईनं ताटल्या एकात एक ठेवल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा ठेवल्या.

मग ती म्हणाली, "उजवा पाय दुखतो हे कधी सांगितलं का नाहीस गं? मला तरी सांगायचंस."

अक्का जमखाना गुंडाळत होती. ती थांबली नाही.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तू म्हणाली असतीस, हळू बोल, कुणी ऐकेल."

 आई ताटल्या घेऊन विहिरीकडे गेली. आम्ही अगदी तसंच म्हटलं असतं.